गाडीत आहे ते आपलं, सर्व्हरवर आहे ते उसनं

गेल्या पावसाळ्यात रात्री पावणेदहाला फोन आला. कोयनानगरच्या पुढं, कुंभार्ली घाटाच्या अलीकडं चहाच्या टपरीवर एक कुटुंब अडकलं होतं. चहाला उतरले, दार लावलं, आणि गाडी परत उघडेना. किल्लीचं बटण दाबलं तर काही होत नव्हतं, आणि मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये चाक नुसतं गरगर फिरत होतं. त्यांच्या फोनला रेंज नव्हती. टपरीवाल्याच्या बीएसएनएलवरून त्या ताई माझ्याशी बोलत होत्या. बरोबर सासूबाई आणि दोन लहान मुलं, आणि बाहेर धो धो पाऊस.

मी म्हटलं, "ताई, घाबरू नका. किल्लीच्या कडेला बारीक खटका असेल, तो दाबून टोक ओढा. आतून लोखंडी किल्ली निघेल."

निघाली. हँडलखालच्या छोट्या टोपीमागं कुलूप सापडलं. दार उघडताच भोंगा वाजायला लागला. मी सांगितलं, "वाजू दे. आत बसा, ब्रेक दाबा आणि बटणांची किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून तिच्यानंच बटण दाबा." गाडी सुरू झाली, भोंगा थांबला. सगळ्याला दहा मिनिटं लागली. बिघाड एवढाच, की किल्लीतला नाण्याएवढा सेल संपला होता.

कराडात चिपळूण रस्त्याला माझं गॅरेज आहे. 1998 पासून गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतो. सुरुवात टेस्ट लॅम्पवर केली, मग मल्टिमीटर आला, मग स्कॅनर. पूर्वी गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, गाडी स्टार्ट होत नाही." आता म्हणतं, "अ‍ॅप कनेक्ट होत नाही." या बदलातून जे शिकलो, ते क्रमानं मांडतो.

1. लोखंडी किल्ली कुठं आहे ते आजच बघा

अ‍ॅपचं बटण गाडीशी थेट बोलत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आपण "अनलॉक" दाबतो तेव्हा निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो. तो कुठल्या शहरात असेल सांगता येत नाही. तिथून मोबाईल नेटवर्कमार्फत तो गाडीतल्या सिमपर्यंत येतो आणि मग दाराची मोटर फिरते. म्हणजे आपला फोन, कंपनीचा सर्व्हर आणि गाडीचं सिम, या तिघांपैकी एकानं जरी दगा दिला तरी आपण बाहेर. कुंभार्ली, वरंध, ताम्हिणी, आंबोली या घाटांत रेंज जाते हे आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. गाडीच्या सिमलाही तोच घाट आणि तीच रेंज.

बहुतेक बटणाच्या गाड्यांमध्ये लोखंडी किल्ली लपवलेली असते, आणि सेल संपला तरी किल्ली ओळखण्याची सोय असते. काही गाड्यांत किल्ली बटणाला टेकवायची, काहींत कप होल्डरजवळच्या खुणेवर ठेवायची. आपल्या गाडीत कसं आहे ते पुस्तकात वाचा आणि घरासमोर एकदा करून बघा. घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला शिकवा. सेल दीड-दोन वर्षांनी बदला.

2. आधी बॅटरी बघा, मग सॉफ्टवेअरला बोल लावा

"स्क्रीन आपोआप बंद-चालू होते", "अ‍ॅप गाडी दाखवत नाही", "एकदम चार दिवे लागले" अशी तक्रार आली की मी स्कॅनर बाजूला ठेवतो आणि बॅटरीला मीटर लावतो. रात्रभर उभी असलेली चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 च्या खाली गेली की जवळपास रिकामी. व्होल्टेज पडलं की गाडीतले छोटे संगणक एकमेकांना ओळखेनासे होतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावानं तक्रार नोंदवून ठेवतो. स्कॅनर लावला तर वीस कोड दिसतात. बॅटरी बदलली की त्यातले एकोणीस जातात.

एक निवृत्त सर मुलीकडं तीन महिने परदेशी गेले होते. गाडी घराच्या पोर्चमध्ये. सरांचा जीव गाडीत, म्हणून तिकडून रोज सकाळी अ‍ॅप उघडून ते गाडी जागेवर आहे का बघत. परत आले तर गाडीत दिवासुद्धा लागेना. मला बोलावलं. म्हणाले, "अरे, मी तर तिला हातही लावला नाही."

मी त्यांना वहीवर हिशोब करून दाखवला. किल्ली काढली तरी गाडी पूर्ण झोपत नाही. चोरीचा अलार्म, दाराचं कुलूप आणि सिमचा डबा जागे असतात. धडधाकट गाडीसुद्धा उभ्या-उभ्या 50 मिलिअँपिअरपर्यंत करंट खाऊ शकते. म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास, महिन्याला 36. लहान गाडीची बॅटरीच 35 ते 45 ची असते. वर रोज अ‍ॅप उघडलं की झोपलेले संगणक उठतात आणि थोडा वेळ जास्तच ओढतात. सर गप्प झाले. पुढच्या खेपेला गावी जाताना त्यांनी शेजारच्या मुलाला किल्ली दिली आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणायला सांगितलं. त्यानंतर बॅटरी उतरली नाही.

3. सॉफ्टवेअरचा म्हणून सांगितलेला दोष कितीतरी वेळा तांब्याच्या तारेत असतो

ऑगस्ट 2019 चा पूर आमच्या भागात कोणी विसरणार नाही. कृष्णा-कोयनेचं पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली होती. काही गाड्यांचं दुखणं मात्र वर्षभरानं वर आलं. त्यातली एक अजून डोळ्यासमोर आहे. एबीएस, स्टीअरिंग आणि एअरबॅग, तिन्ही दिवे एकदम. कधी लागत, कधी विझत. अ‍ॅपवर रोज नवा इशारा. एका ठिकाणी मालकाला सांगितलं होतं, "सॉफ्टवेअर गेलंय, मॉड्यूल बदलावं लागेल." अंदाजपत्रक 68,000 रुपयांचं.

गाडीतले संगणक दोन तारांवर बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीनं ती 1986 मध्ये जगासमोर आणली आणि आज बहुतेक प्रत्येक गाडीत ती आहे. दोन तारा वेणीसारख्या पिळलेल्या असतात, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि वजा होतो. तारेच्या दोन टोकांना 120-120 ओहमचे रोधक असतात. दोन्ही जागेवर असतील तर मधे मीटर लावल्यावर 60 दिसायला हवेत.

मी बॅटरी काढली, स्टीअरिंगखालच्या सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांना मीटर लावलं. 120 आले. म्हणजे वाटेत कुठंतरी तार तुटलेली, एका टोकाचा रोधक दिसतच नव्हता. माझ्याकडचा पोरगा आणि मी सीट काढल्या, गालिचा उचलला. चालकाच्या पायाखाली एक कपलर होता. तो उघडला तर आतल्या पिना शेवाळासारख्या हिरव्या पडलेल्या. पुराचं पाणी तिथं मुरलं होतं. पिना बदलल्या, कपलर वाळवला, परत मीटर लावलं. 60. दिवे गेले ते आजतागायत लागले नाहीत.

ज्या कोडची सुरुवात यू अक्षरानं होते, तो संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचा कोड असतो. असा कोड आला की मॉड्यूल बदलण्याआधी तीन गोष्टी बघायला लावा: बॅटरी, अर्थिंग आणि कपलर. उंदरानं कुरतडलेली तारही याच घरातली. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली ऊब शोधत येतात, म्हणून आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघत जा.

4. गाडीचं आयुष्य पंधरा वर्षं, नेटवर्कचं त्याहून कमी

खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडं पंधरा वर्षांची असते. मोबाईलची पिढी साधारण दहा वर्षांत बदलते. हे दोन आकडे जुळत नाहीत, आणि पुढची बरीच अडचण इथूनच येणार आहे.

अमेरिकेनं हे भोगलं आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये एटी अँड टीनं 3जी बंद केलं आणि त्या वर्षाच्या अखेरीस व्हेरिझॉननंही. चांगल्या चालणाऱ्या कितीतरी गाड्यांतली अपघाताच्या वेळी मदत मागण्याची सोय आणि दुरून कुलूप उघडण्याची सोय त्याबरोबर गेली. इंजिन ठणठणीत होतं, फक्त गाडीतल्या सिमच्या डब्याला बोलायला कोणी उरलं नव्हतं. जून 2024 मध्ये फिस्कर ही विजेच्या गाड्या करणारी अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा गाड्यांचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर चालू राहावेत म्हणून मालकांनाच संघटना करून धडपडावं लागलं.

आपल्याकडं इंटरनेटच्या गाड्यांची लाट 2019 मध्ये आली. मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू, जूनमध्ये एमजी हेक्टर, ऑगस्टमध्ये किआ सेल्टॉस. सुरुवातीची काही वर्षं कनेक्टेड सेवा फुकट असते, मग पैसे भरून वाढवायची. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं, "अ‍ॅप बंद पडलं, गाडी बिघडली." गाडी बिघडलेली नसते, मुदत संपलेली असते.

म्हणून गाडी घेताना शोरूममध्ये तीन प्रश्न विचारा. फुकट सेवा किती वर्षं? नंतर वर्षाला किती रुपये? आणि सेवा बंद झाली तर गाडीतलं नेमकं काय काय चालणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. गाडीत आहे ते आपलं, सर्व्हरवर आहे ते उसनं. कधी ना कधी ते परत जाणार, हे धरूनच पैसे मोजा.

5. अपडेट घाईत करायचं नसतं

लग्नाला निघताना, देवदर्शनाला निघताना, पेशंटला घेऊन जाताना स्क्रीनवर "अपडेट करा" आलं तर "नंतर" दाबा. हा माझा कडक नियम आहे. अपडेटच्या मधेच बॅटरी उतरली किंवा कोणी गाडी बंद केली तर स्क्रीन काळी पडते, आणि मग वर्कशॉपला नेण्यावाचून इलाज नसतो.

कंपन्यांकडूनही चुका होतात. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेत रिव्हियन कंपनीनं चुकीच्या सुरक्षा प्रमाणपत्रासह अपडेट धाडलं आणि गाड्यांच्या स्क्रीन अडकल्या. त्याआधी जानेवारी 2022 मध्ये सिएटलच्या एका रेडिओ केंद्रानं प्रसारणाबरोबर पाठवलेल्या चित्रांच्या फाइलच्या नावाला शेवटचा प्रकारदर्शक भाग नव्हता. ते केंद्र लावलेल्या 2014 ते 2017 च्या मझदा गाड्यांचा रेडिओ त्याच केंद्रावर खिळला आणि स्क्रीन सारखी बंद-चालू होऊ लागली. फाइलच्या नावात नसलेल्या काही अक्षरांनी हे घडवलं.

अपडेट रविवारी सकाळी करा, गाडी घराजवळ उघड्यावर उभी करून, बॅटरी चांगली असताना. आधी जुन्या आवृत्तीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. नंतर काही बिघडलं तर "अपडेटच्या आधी हे चालत होतं" असं सांगायला हातात पुरावा राहतो. आणि अपडेट कायमचं टाळूही नका. सुरक्षेच्या फटी त्यातूनच बुजवल्या जातात.

6. सगळं एकाच काचेत आहे का, ते विकत घेण्याआधी बघा

मुसळधार पावसात पुढची काच धुरकटली आणि ती साफ करायचं बटण स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर असेल, तर ती गाडी घाटात चालवायला कठीण. वर स्क्रीनच बंद पडली तर? फेब्रुवारी 2021 मध्ये टेस्लानं सुमारे 1,35,000 गाड्या परत बोलावल्या. सतत लिहून लिहून त्यांच्या स्क्रीनमागची मेमरी चिप झिजत होती, आणि ती गेली की मागचा कॅमेरा आणि काच साफ करण्याची सोयही जात होती.

टेस्ट ड्राइव्हच्या वेळी विक्रेत्याला सांगा, "पाच मिनिटं स्क्रीनला हात न लावता चालवतो." एसी, डीफॉगर, वायपर, हॅझर्ड दिवे आणि आवाज, एवढ्यांना हातानं चाचपडता येणारं बटण हवं. रस्त्यावरची नजर न हलवता जे सापडतं, तेच अडचणीत कामाला येतं.

7. गाडी विकताना अ‍ॅपमधूनही विका

दोन वर्षांपूर्वी एक तरुण गॅरेजवर आला. सहा महिन्यांपूर्वी त्यानं गाडी सांगलीच्या एका गृहस्थांना विकली होती. फोन माझ्यापुढं धरून म्हणाला, "दादा, हे बघा. गाडी आत्ता विश्रामबागला उभी आहे. रोज दिसते. काय करू?" पोरगा प्रामाणिक होता, म्हणून विचारायला आला. दुसरा कोणी असता तर? त्या गृहस्थांच्या घरच्या बाई कधी कुठं जातात, गाडी रात्री कुठं असते, सगळं एका परक्याच्या खिशात.

आम्ही लगेच खात्यातून गाडी काढली आणि नव्या मालकांना फोन करून त्यांच्या नावानं नोंद करायला लावली. आरसीवर नाव बदललं म्हणून सर्व्हरवर बदलत नाही. विकणाऱ्यानं अ‍ॅपमधून गाडी काढावी, स्क्रीनमधले फोननंबर आणि घरचा पत्ता पुसावा, फॅक्टरी रीसेट करावं. घेणाऱ्यानं ताबा घेताना हे डोळ्यांसमोर करून घ्यावं आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा.

गाडीचा माग ही घराची माहिती आहे. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की किआच्या वेबसाइटमधल्या एका दोषामुळं नुसत्या नंबर प्लेटवरून तिथल्या गाड्यांचा ठावठिकाणा काढणं आणि दार उघडणं शक्य होतं. कंपनीनं तोवर तो दोष दुरुस्त केला होता. अ‍ॅपचा पासवर्ड बँकेच्या पिनइतकाच जपा.

8. स्वस्तातलं काहीही सॉकेटला लावून ठेवू नका

जुलै 2015 मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघा सुरक्षा संशोधकांनी सेंट लुईसच्या महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीचा वेग घरात बसून, लॅपटॉपवरून तोडला. आत बसलेल्या पत्रकाराला आधी कल्पना दिली होती, तरी ट्रक मागून येत असताना गाडी मंदावली तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. त्यांनी वाट काढली ती गाडीच्या इंटरनेटमधून. त्यानंतर कंपनीला 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

हे शक्य झालं त्याचं मूळ वर सांगितलेल्या दोन तारांत आहे. कॅनवर निरोप आला की तो कोणी पाठवला हे संगणक विचारत नाही. 1986 मध्ये गाडीबाहेरचा कोणी त्या तारांवर येईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. म्हणून नव्या गाड्यांत मधे पहारेकरी बसवावे लागतात. युरोपात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीला सायबर सुरक्षेचा नियम लागू आहे. आपल्याकडंही पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं एआयएस 189 आणि 190 ही मानकं त्यासाठीच मांडली आहेत.

पण कंपनीनं पहारेकरी बसवायचा आणि आपण पाचशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल कायमचा स्टीअरिंगखालच्या सॉकेटला खोचून मागचं दार उघडं ठेवायचं, हे बरोबर नाही. काम झालं की डोंगल काढा. जीपीएस ट्रॅकर बसवायचा असेल तर तार सोलून जोड मारणाऱ्याकडं जाऊ नका. तो जोड पुढच्या पावसाळ्यात हिरवा पडतो.

9. दुरुस्तीचा हक्क मागा

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे. तारेतला दोष मी शोधू शकतो, सुटा भाग बसवू शकतो. पण बऱ्याच नव्या गाड्यांत नवा भाग बसवला की कंपनीच्या सर्व्हरवरून त्याची ओळख पटवावी लागते. तेवढ्यासाठी पाटण तालुक्यातल्या शेतकऱ्याला गाडी टोइंग करून पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यावी लागते. टोइंगचा खर्च दुरुस्तीहून जास्त होतो.

केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती नाकारली, विनाकारण अख्खं मॉड्यूल बदलायला लावलं, तर जुना भाग परत मागा, कोडची छापील प्रत मागा, आणि दाद मिळाली नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार करा. एकट्याची तक्रार लहान वाटते, पण नोंद झाली तरच ती मोजली जाते.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी नवं तंत्र शिकवतो, कारण ही यंत्रं चांगली आहेत. अपघातानंतर आपोआप मदत मागणारी गाडी जीव वाचवते, चोरीला गेलेली गाडी सापडते, बिघाड आधी कळतो. मला त्यांचं वावडं नाही. माझं म्हणणं एवढंच, की दार, काच, ब्रेक आणि दिवा या गोष्टी रेंज नसताना, मुदत संपलेली असताना, कंपनी बुडाली तरी चालल्या पाहिजेत.

आज संध्याकाळी घरी गेलात की गाडीची किल्ली हातात घ्या, कडेचा खटका दाबा आणि लोखंडी किल्ली बाहेर काढून बघा. मग घरातल्या सगळ्यांना ती कुठल्या कुलपात बसते ते दाखवा.